चाकाला वाट हवी

बैलगाडीच्या चाकाला धाव बसवायची असली की मी लोहाराच्या भट्टीपाशी ठाण मांडून बसायचो. सुताराने बाभळीचं चाक घडवलेलं असे: मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, भोवती वाकदार लाकडांचा घेर. लोखंडी धाव मुद्दाम घेराहून जराशी लहान ठेवत. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की पसरायची. मग दोघं-तिघं सांडशीने ती उचलून चाकावर टेकवत, घण पडत, लाकडातून धूर निघे आणि लगेच वर पाणी ओतत. लोखंड आवळत जाई तसतसे सगळे सांधे करकरत घट्ट होत. इतकी देखणी कारागिरी मी नंतर फार कमी पाहिली.

पुढे शहरात शिकताना ‘चाकोरी सोडा’ हा उपदेश वारंवार ऐकला. तो मला कधीच पुरता पटला नाही. काळ्या मातीच्या वाटेवर चाकोरी सुटली की भरली गाडी आसापर्यंत रुतते, आणि मग बैलांचे जे हाल होतात ते मी पाहिले होते. चाक कितीही मजबूत असो, खालची वाट त्याला सांभाळणारी लागते.

सायकल आली, मग एसटीने गाव सुटलं. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८च्या सुमारास बेलफास्टमध्ये हवेचा टायर बनवला, तो मुलाच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत म्हणून. हे वाचल्यापासून तो शोध मला विशेष जवळचा वाटतो.

नवरा-बायको म्हणजे संसाररथाची दोन चाकं, हे प्रत्येक लग्नात कुणीतरी बोलतंच. आईला अर्धांगवायू झाला आणि वडील तिची चाकाची खुर्ची ढकलू लागले, तेव्हा मला त्याचा खरा अर्थ कळला. सत्तरी ओलांडलेला तो माणूस तिला रोज संध्याकाळी फिरवून आणायचा. पण पेन्शनसाठी बँकेत गेलं की दारातल्या तीन पायऱ्यांपाशी सगळं थांबायचं. वडील आत जाऊन कुणाला तरी बोलावून आणत. तोवर आई उन्हात.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. पायऱ्यांशेजारचा उतार कसा असावा याचं मापही ठरलेलं आहे: एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी. काम गवंड्याच्या दोन-चार दिवसांचं. तुमच्या सोसायटीला, शाळेला, देवळाला नुसत्याच पायऱ्या असतील, तर येत्या बैठकीत हा विषय घ्याच.