वीट, तूस आणि शेकडेवारी



दिवाळी झाली की आमच्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो. कातकरी कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन भट्टीवर राहायला येतात आणि पाऊस जवळ आला की परत जातात. सोबत मुलेही येतात. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे दाखला नसला तरी मुलाला वयानुसार वर्गात बसवायचे असते. त्यामुळे पटावर नावे येतात. पण नाव पटावर येणे वेगळे आणि मूल वर्गात बोलते होणे वेगळे. भट्टीवरून आलेली मुले बहुतेक मागे बसतात आणि विचारले तरी खाली बघतात.

सहावीला शेकडेवारी शिकवायची होती. पुस्तकात नफा-तोटा असतो, मार्क असतात. मी या वेळी टेबलावर दोन विटा ठेवल्या. दोन्ही सारख्याच लाल, सारख्याच मापाच्या. "यातली चांगली कोणती?" असे विचारले. गावातली मुले रंग बघून सांगू लागली. तेवढ्यात भट्टीवरची एक मुलगी उठली, दोन्ही विटा हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाली, "बाई, ही तुसाची हाय. हलकी लागते. आन् ही वाजते बगा." तिने नखाने टिचकी मारून दाखवली. खणखणीत आवाज आला. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली होती.

मग पाठ पुढे तिच्याच आधाराने गेला. तूस का घालतात? नुसती चिकण माती वाळताना आकसते आणि विटेला तडे जातात. तूस मिसळला की गारा मोकळा होतो, वीट सारखी वाळते. भट्टी पेटली की आतला तूस जळतो, म्हणजे विटेच्या पोटातच थोडे सरपण असते. तूस जळून गेला की त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. पोकळ्यांत हवा असते, म्हणून वीट हलकी होते आणि उष्णता कमी आत येऊ देते. पण त्याच पोकळ्यांत पाणीही शिरते आणि वीट कमी भार पेलते. "तूस लय झाला का वीट हातात फुटते," हे तिचे वाक्य मी फळ्यावर तसेच लिहिले. यापेक्षा सोपी व्याख्या मला सुचली नसती.

आता गणित. दोन्ही विटा कोरड्या असताना किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केले. चोवीस तास बादलीत बुडवून ठेवल्या, पुसून पुन्हा वजन केले.

पहिली वीट: कोरडी २८०० ग्रॅम, ओली ३२२० ग्रॅम. पाणी ४२० ग्रॅम, म्हणजे १५ टक्के.
दुसरी, तुसाची: कोरडी २५०० ग्रॅम, ओली ३००० ग्रॅम. पाणी ५०० ग्रॅम, म्हणजे २० टक्के.

भारतीय मानकाप्रमाणे साध्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे तुसाची वीट अगदी काठावर पास! मुलांना शेकडेवारी कशाला लागते, हे वेगळे सांगावे लागले नाही.

पुढच्या तासाला "आणखी काय काय मिसळता येईल?" यावर बोललो. औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख मिसळली की चिकण माती कमी आकसते, तडे कमी जातात आणि तेवढी शेतातली वरची सुपीक माती वाचते. म्हणूनच १९९९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या भट्ट्यांना मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळायला सांगितले. पुढे हे अंतर वाढवले. (सिमेंट किंवा चुना घालून न भाजता केलेली राखाडी वीट वेगळी, मुलांची यात गल्लत होते.) काचेची बारीक पूड घातली तर ती भट्टीत वितळून मातीचे कण धरून ठेवते, मग वीट पाणी कमी पिते.

उलट काही गोष्टी मातीत नकळत येतात आणि घात करतात. चुनखडीचा खडा राहिला तर भाजताना त्याचा कळीचा चुना होतो, नंतर ओल लागली की तो फुगतो आणि विटेचा टवका उडतो. मातीत किंवा पाण्यात क्षार जास्त असतील तर भिंतीवर पांढरा लोणा येतो.

एका मुलाने विचारले, "मग गावातला सगळाच कचरा टाकला तर?" प्रश्न चांगला होता. तूस आणि राख ठीक, पण प्लास्टिक, जुने टायर भट्टीत जाळले तर विषारी धूर होतो. आणि तो धूर सगळ्यात आधी कोणाच्या नाकात जातो? भट्टीशेजारच्या झोपडीत झोपणाऱ्या मुलांच्या. हे बोलताना वर्ग शांत झाला, कारण ती मुले तिथेच बसली होती. टाकाऊपासून टिकाऊ म्हणताना काय जळते आणि कोणाजवळ जळते, हेही शिकवायला हवे.

आपल्या परिसरात भट्ट्या असतील तर हा पाठ मार्चच्या आत घ्या, कारण पुढे कधी कोणते कुटुंब निघून जाईल सांगता येत नाही. दोन विटा, बादली, वजनकाटा एवढेच साहित्य लागते. विटा भट्टीवरून मुलांना आणायला लावू नका, आपणच आणा. ओझी वाहणे त्यांच्या वाट्याला तसेही पुष्कळ आहे. पाठ सांगताना मात्र त्यांना पुढे उभे करा.

आणि कुटुंब निघण्याआधी मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, त्यात त्याला काय काय येते ते नीट लिहा. त्या मुलीच्या कार्डावर मी लिहिले, "शेकडेवारी येते. वर्गाला समजावून सांगते." तिच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींनी तिला मागच्या रांगेत बसवू नये, एवढ्यासाठीच.