त्यात काय एवढं!

आमची नात पुण्यात पेटंटचं काम करणाऱ्या वकिलांकडे नोकरीला आहे. परवा घरी आली होती. म्हणाली, "आजी, आमचं काम तुझ्यासारखंच. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं आणि चुका काढायच्या!" मग तिने मला अमेरिकेतले दोन खटले समजावून सांगितले.

पहिला २०१४ सालचा, नॉटिलस विरुद्ध बायोसिग. व्यायामाच्या यंत्राची दांडी हातात धरली की हृदयाचे ठोके मोजणारं एक उपकरण. पेटंटच्या दाव्यात लिहिलं होतं की त्यातले इलेक्ट्रोड 'एकमेकांपासून अंतर राखून' असतील. अंतर म्हणजे किती? खालचं कोर्ट म्हणे, काही केल्या अर्थच लागत नसेल तरच दावा बाद. सुप्रीम कोर्टाने ही कसोटी फारच ढिली ठरवली. पेटंट म्हणजे शेताचा बांध. आपली हद्द कुठे संपते हे त्या विषयातल्या जाणकाराला वाजवी खात्रीने कळलं पाहिजे. गंमत म्हणजे खटला परत खाली गेला आणि २०१५ मध्ये नव्या कसोटीलाही तो दावा उतरला!

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही दावे स्पष्ट आणि थोडक्यात असावेत असं आहे म्हणे. मला हसू आलं. मी जन्मभर प्रश्नपत्रिकेत 'थोडक्यात उत्तरे लिहा' लिहीत आले आणि मुलं दरवेळी विचारत, "बाई, थोडक्यात म्हणजे किती ओळी?"

दुसरा खटला २००७ चा, केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स. गाडीचं मागेपुढे सरकवता येणारं पेडल आधीपासून होतं, इलेक्ट्रॉनिक सेन्सरही होता. दोन्ही जोडून पेटंट घेतलेलं. कोर्ट म्हणालं, सर्वसाधारण जाणकारालाही थोडी कल्पकता असतेच, त्याला हे सहज सुचलं असतं. दावा रद्द. पण त्याच निकालात बजावलंय की उत्तर कळल्यावर मागे वळून पाहिलं तर सगळंच सोपं दिसतं, त्या फसगतीपासून जपा.

हे ऐकलं आणि मी गप्प झाले.

एकदा गणिताच्या बाई रजेवर होत्या म्हणून सातवीवर माझा बदली तास होता. एल आकाराच्या शेताचं क्षेत्रफळ काढायचं होतं. सगळ्यांनी शेताचे दोन तुकडे केले. मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा फळ्यापाशी आला, त्याने तुटका कोपरा जोडून पूर्ण आयत काढला आणि कोपरा वजा केला. मी म्हटलं, "त्यात काय एवढं, उघडच आहे." वर्ग हसला. तो जागेवर जाऊन बसला. मराठीच्या तासालाही वर्षअखेरपर्यंत त्याने परत हात वर केला नाही.

खरं सांगू? मलाही ते सुचलं नव्हतं. मीही दोन तुकडेच करणार होते. पण हे मी वर्गाला सांगितलं नाही.

नातीला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आजी, म्हणूनच आम्ही आधी तारीख बघतो. त्या दिवसाच्या आधी कोणाला काय माहीत होतं, एवढंच विचारायचं."

त्या दिवसाच्या आधी मला माहीत नव्हतं. एवढं एक वाक्य तेव्हा बोलायला हवं होतं. आज तो पन्नाशीचा असेल.

असो. मंडळी, तुमच्या हातून असं कधी झालंय का?