काळी माती आणि जॅक

पाठीत उसण भरली म्हणून दवाखान्यात येणाऱ्यांना मी कारण विचारतो. सिलिंडर उचलला, कुंडी सरकवली, ही उत्तरे नेहमीची. अधूनमधून 'गाडीचे चाक बदलले' हेही ऐकू येते आणि मी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांतली एकही मला आठवली नाही.

जुलैमधील संध्याकाळ होती. अमरावतीहून सदरला परतताना कोंढाळीच्या थोडे अलीकडे मागचे डावे चाक बसले. गाडी डांबराच्या कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले, हँडब्रेक ओढला. पाऊस भुरभुरत होता, म्हणून ऐंशी वर्षांच्या बाबांना आतच बसू दिले. ही पहिली चूक. दुसरी त्याहून मोठी. जॅक मी सरळ कडेच्या मातीवर ठेवला. आपल्याकडची काळी माती पावसात कशी होते, हे विदर्भात जन्म काढलेल्या माणसाला का सांगावे लागावे? गाडी वर उचलली गेली, दोन नट निघाले आणि जॅक हळूच कलंडला. गाडी धप्पकन खाली आली. जॅक नीट बसला आहे का हे चाचपण्यासाठी खाली घातलेला हात मी क्षणापूर्वीच बाहेर काढला होता. आतून बाबांनी विचारले, "लागलं का रे?" मला काही वेळ उत्तर देता आले नाही.

शेजारच्या संत्र्याच्या बागेतला राखणदार धावत आला. "साहेब, माती हाय ही. खाली फळी पाह्यजे," म्हणाला आणि पंपाजवळची जाड फळी घेऊन आला. बाबांना आम्ही उतरवून रस्त्यापासून दूर, बागेच्या कुंपणापाशी नेले. पुढचे सारे त्याच्या सांगण्यावरून झाले. सुमारे पन्नास पावले मागे लाल त्रिकोण उभा केला. समोरच्या उजव्या चाकाला पुढून-मागून दगड लावले, कारण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो आणि त्यांतले एक उचलले की त्याचा जोर निम्मा होतो. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले. जॅकवर गाडी असताना काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवले. जॅक घसरलाच तर भार त्यावर येतो. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. (निघताना दगड मात्र उचलावेत. लोक ते तसेच सोडतात आणि रात्री दुचाकीस्वार त्यांवर आदळतात.)

घट्ट नट सोडवताना आपण नकळत श्वास रोखून धरतो. त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार, हर्निया किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी पान्याला हात लावू नये. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदत क्रमांक आहे. स्टेपनी उचलताना गुडघे वाकवावेत, ती छातीशी धरावी, कमरेतून वळू नये. नागपूरच्या मे महिन्यात हे काम दुपारी करणे तर उष्माघाताला बोलावणेच.

सदरला पोचल्यावर पंक्चरवाल्याने पाना लावून पाहिले. एक नट अर्धा फेरा सैल झालेला होता.