तेलीबांध्याच्या काठी एका संगणकाची जुळवाजुळव

नागपूरहून सकाळची गाडी पकडली की डोंगरगडच्या टेकडीवरचे बमलेश्वरीचे देऊळ दिसते, मग राजनांदगाव, दुर्ग, भिलाई अशी ओळखीची स्थानके येतात आणि जेवणाच्या वेळेला रायपूर येते. प्रवास असा सोपा आहे. तरी तेलीबांध्याला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीकडे जाणे तीन वर्षे लांबले होते. २०२५ च्या नोव्हेंबरात, तुळशीचे लग्न आटोपल्यावर तिचा फोन आला. "अगं, तू साप्ताहिकात आहेस ना? तुमची पाने कॉम्प्युटरवरच लागतात ना? मग ये आणि माझ्याबरोबर दुकानात चल. मला नवीन मशीन जुळवून घ्यायचे आहे, आणि घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे."

ताई लग्नपत्रिका, लग्नाचे अल्बम आणि दारावरचे फ्लेक्स यांची रचना करते. छपाई दुसरीकडे होते. घरातल्या पुढच्या खोलीत बसून मांडणी करून देणे एवढेच तिचे काम. पण त्या एवढ्याशा कामावर धाकट्या मुलाचे कॉलेज चालते.

तेलीबांधा हे मुळात तळ्याचे नाव. छत्तीसगडमध्ये बांध घालून अडवलेल्या पाण्याला 'बांधा' म्हणतात, आणि हे तळे तेली समाजाने बांधले असे लोक सांगतात. रायपूर हे तळ्यांचेच गाव. बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली तालाब ही नावे बोलता बोलता कानावर पडतात. त्यांतल्या तेलीबांध्याचे नशीब मात्र पालटले. काठाने फरसबंद रस्ता झाला, दिवे लागले, उंच तिरंगा उभा राहिला आणि लोक त्याला चक्क 'मरीन ड्राइव्ह' म्हणू लागले. संध्याकाळी इथे अर्धे रायपूर फिरायला लोटते. मुंबईकरांनी नाक मुरडू नये. इथे वाऱ्याबरोबर खारट घाम येत नाही. जवळून जुना ग्रेट ईस्टर्न रोड जातो, गुरुद्वारा आहे, विमानतळाकडे जाणारी वाट इथूनच फुटते. पूर्वी धमतरीला जाणारी छोटी रेल्वेही याच भागातून धावत असे. तिच्या रुळांच्या जागी आता एक्स्प्रेस-वे आहे.

या गावात मराठी काय करते, असा प्रश्न पडला तर इतिहास थोडा चाळावा लागतो. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले. पुढे बिंबाजी भोसले तिथेच राहून कारभार पाहू लागले. इंग्रजांच्या काळात आणि नंतर १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती. वकील, मास्तर, रेल्वेचे बाबू असे करीत माणसे आली आणि राहिली. रायपुरात तात्यापारा नावाची वस्ती आहे आणि चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. ताईची निम्मी मराठी गिऱ्हाइके त्या दोन ठिकाणांहून येतात. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळे राज्य झाले, रायपूर राजधानी झाले, आणि लग्नातले फ्लेक्सही त्याबरोबर मोठे होत गेले.

ताईचे जुने मशीन अकरा वर्षांचे होते. आठ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क आणि पिठाच्या गिरणीसारखा आवाज करणारा पंखा. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. नोंदणी करून वर्षभराची मुदत मिळते खरी; पण विंडोज ११ ते यंत्र स्वीकारत नव्हते, त्याचा प्रोसेसरच त्या यादीत बसत नव्हता. तरीही ताईने दिवाळी तशीच काढली असती. घोटाळा झाला तो एका पत्रिकेमुळे. पडद्यावर कुंकवासारखा दिसणारा लाल रंग छापून आला तो विटकरी. पाचशे पत्रिका. मुलीच्या बापाने त्या परत केल्या आणि दुसऱ्यांदा छापायचे पैसे ताईने स्वतःच्या पदरचे भरले. भिशीचे एक लाख दहा हजार त्याच आठवड्यात हाती आले होते. त्यातून सोन्याची एक बांगडी व्हायची होती.

"बांगडी पुढच्या वर्षी," ती म्हणाली. भावोजी काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसत राहिले.

दुकानात जाण्याआधी आम्ही जेवणाच्या टेबलावर वहीत आकडेमोड केली, आणि माझ्या मते सगळ्या खरेदीत तो तासभरच सर्वांत मोलाचा ठरला. मी ताईला विचारले, तुझी सगळ्यात मोठी फाइल कोणती? दहा फूट बाय आठ फुटांचा फ्लेक्स. इंचाला ७२ ठिपके धरले तर आडवे ८६४० आणि उभे ६९१२; गुणाकार जवळजवळ सहा कोटी ठिपक्यांचा. छपाईच्या चार शाया, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. म्हणजे एक थर सुमारे २४० एमबीचा झाला. नवरा-नवरीचा फोटो, मागचा मंडप, गणपती, झालर, असे दहा पूर्ण थर असले की अडीच जीबीच्या आसपास. त्यावर फोटोशॉप मागच्या पायऱ्या लक्षात ठेवतो तो भार वेगळा, आणि विंडोज व ब्राउझर आपापला वाटा घेतातच. आठ जीबीत हे कसे मावणार? मग जे मावत नाही ते यंत्र हार्ड डिस्कवर तात्पुरते ठेवते आणि पुन्हा उचलते. ताई चहा करून येते तोवर पडद्यावर गोल चक्र फिरत असते, त्याचे कारण हे.

दुसरा प्रश्न रायपूरचा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पुढच्या खोलीत कूलर आहे, एसी नाही. गावाच्या उत्तरेला उरला आणि सिलतराचे औद्योगिक पट्टे आहेत, स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. त्यांची काळी धूळ गच्चीवर पाऊल उमटेल इतकी बसते. पावसाळ्यात विजा कडकडतात. मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित ऑफिसात जे यंत्र उत्तम चालेल ते इथे तसेच चालेल असे नाही. मी वहीत लिहिले : उन्हाळा, धूळ, वीज. भाच्याने त्याखाली लिहिले : आरजीबी लाइट.

दुकान तेलीबांध्यापासून फार लांब नव्हते. काउंटरवरच्या तरुणाने 'ग्राफिक्स' हा शब्द ऐकला मात्र, कपाटातून वीटभर जाडीचे एक खोके काढून आमच्यापुढे ठेवले. "दीदी, ग्राफिक्स का काम है, तो ग्राफिक्स कार्ड बड़ा चाहिए ना!" ऐकायला अगदी पटते. गंमत अशी की, ताईचे बरेचसे काम, म्हणजे कोरलमधली पत्रिका आणि फोटोशॉपमधला अल्बम, या कार्डावर फारसे अवलंबून नसते. ते प्रोसेसरच्या एकेका कोअरच्या वेगावर, रॅमवर आणि डिस्कवर चालते. कार्डाची खरी मागणी असते खेळ, त्रिमिती चित्रे आणि व्हिडिओ यांना. त्या एका खोक्यात भिशीची निम्मी रक्कम गेली असती.

मी हे जरा तोऱ्यातच सांगितले. तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, पण आईकडे छापील पत्रिका किती राहिल्यात ते विचार ना." ताई गप्प झाली. मग कळले की, शंभर जणांना छापील पत्रिका आणि बाकी सगळ्यांना व्हॉट्सॅपवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, हीच आता रीत आहे. ते व्हिडिओ ताई बाहेरून करवून घेते आणि त्यात तिला फक्त दलाली सुटते. मुलाला ते काम घरात आणायचे होते. दिव्यांच्या हट्टामागे हा विचार असेल असे मला वाटले नव्हते. व्हिडिओची अंतिम फाइल तयार करताना कार्ड खरोखर वेळ वाचवते. माझ्या वहीतला हिशेब चालू कामाचा होता. पुढल्या दोन वर्षांचे काम त्यात धरलेच नव्हते. मी वही मिटली आणि पुन्हा उघडली.

शेवटी कार्ड घेतले ते मधले, आठ जीबी मेमरीचे. त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली उतरवला : सहा कोअरचा, ६५ वॉटच्या वर्गातला रायझन ५, ज्याच्यासोबत पंखा येतो आणि ज्याच्या पोटात थोडे ग्राफिक्सही असते. कार्ड कधी बिघडलेच तर काम अडणार नाही. वॉट कमी म्हणजे उष्णता कमी, आणि मे महिन्यात त्याची किंमत कळते. मदरबोर्ड एएम५ या बैठकीचा घेतला. ती २०२७ पर्यंत तरी चालू ठेवू असे कंपनीने जाहीर केलेले आहे, म्हणजे पुढे प्रोसेसर बदलता येईल.

रॅमने मात्र घाम फोडला. उन्हाळ्यात ज्या पैशांत ३२ जीबी मिळत होती, त्या पैशांत आता १६ जीबी येत होती. दुकानदार आपल्याला गंडवतो आहे असे वाटण्याजोगाच हा भाव. पण त्याचा दोष नव्हता. जगात मेमरीच्या चिप्स बनवणारे मोठे कारखानदार मुख्यतः तीन : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरांनी त्यांचा माल उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या उत्तरार्धात किरकोळ बाजारात भाव भडकले. कुठल्या परदेशातल्या यंत्रांची भूक आणि तेलीबांध्याच्या ताईची बांगडी! तरी ३२ जीबीवर आम्ही तडजोड केली नाही. सोळाच्या दोन पट्ट्या घेतल्या, कारण जोडीने लावल्या की त्या अधिक वेगाने चालतात. मदरबोर्डावर दोन खाचा रिकाम्या ठेवल्या.

डिस्क एक टीबीची एनव्हीएमई. जुनी फिरती डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचते, ही साडेतीन हजारांच्या पुढे. जुन्या कामांसाठी एक साधी मोठी हार्ड डिस्क वेगळी घेतली. ताईकडे वीस वर्षांच्या पत्रिका आहेत, ज्यांच्या लग्नाची पत्रिका तिने केली त्यांच्या मुलीच्या बारशाचीही तीच करते, आणि लोक म्हणतात, "तसाच गणपती घाला."

मग मॉनिटर. या बाबतीत ताईने आम्हा सगळ्यांना मागे टाकले. पर्समधून तिने ती परत आलेली विटकरी पत्रिका काढली, पेनड्राइव्हवर तिचीच फाइल आणली होती ती दिली, आणि म्हणाली, "ही तिन्ही पडद्यांवर लावा." पहिला मॉनिटर खेळांसाठीचा, वाकडा, झगझगीत. त्यावर कुंकू नुसते पेटले होते. दुसरा त्याच्याहून बरा. तिसरा आयपीएस पॅनलचा, सत्तावीस इंची, कारखान्यातून रंग जुळवून आलेला. दुकानात सगळ्यांत निस्तेज तोच दिसत होता. त्याची चमक कमी करून, फाइल छपाईच्या रंगांत बदलून पाहिली, तेव्हा पत्रिकेवरचा विटकरी रंग पडद्यावर हुबेहूब उभा राहिला. प्रेसची चूक नव्हती आणि ताईचीही नव्हती. प्रकाशाचे रंग आणि शाईचे रंग यांची जातच वेगळी, आणि जुना पडदा तो फरक तिला दाखवत नव्हता एवढेच. हा पडदा एकूण रकमेतला जवळजवळ चौथा हिस्सा घेऊन गेला. काउंटरवरच्या तरुणाला वाईट वाटले असावे; तो वाकडा मॉनिटर त्याने पुन्हा दोनदा दाखवला.

फुकट म्हणून देऊ केलेला ६०० व्हीएचा यूपीएस आम्ही परत केला. तो फार तर ३६० वॉट पेलतो. कार्ड जोरात चालले की हे यंत्र आणि पडदा मिळून त्याच्या गळ्याशी येतील. एक केव्हीएचा पैसे देऊन घेतला. एसएमपीएस नावाजलेल्या बनावटीचा, ६५० वॉटचा. आणि कॅबिनेट पुढून जाळीचे, धूळ अडवणारी गाळणी हाताने काढून धुता येईल असे. भाच्याला दिवे मिळाले नाहीत. भावोजींनी हळूच दीडशे रुपयांची एक रंगीत दिव्यांची पट्टी घेतली आणि खिशात घातली.

यंत्र जुळवून घरी आले तेव्हा रात्र झाली होती. सगळ्यात जास्त वेळ गेला अक्षरांवर. ताईच्या जुन्या फाइली कृतिदेवमध्ये आहेत, नवीन काम ती युनिकोडमध्ये करू पाहते, आणि हिंदीसाठी बनवलेल्या अक्षरांत 'ल' आणि 'श' वेगळ्या वळणाचे येतात. तात्यापाऱ्यातल्या एक आजी म्हणे पत्रिका हातात घेताच सांगतात, "हा ल आपला नाही." मराठी वळणाचे दोन फॉन्ट निवडून बसवेपर्यंत तळ्याकाठची गर्दीही पांगली होती. मग तिने तो दहा फुटी फ्लेक्स उघडला. चहा करायला उठण्याआधीच तो उघडलेला होता. ती तशीच अर्धवट उठून पुन्हा खाली बसली.

पंधरा दिवसांनी तिने एक फोटो पाठवला. गच्चीवर जुन्या सुती साडीवर रखिया बडी वाळत घातलेल्या आणि त्यांच्या शेजारी, धुऊन स्वच्छ केलेली कॅबिनेटची गाळणी. खाली लिहिले होते, "बादलीभर काळे पाणी निघाले. पाचशे पत्रिकांची ऑर्डर आहे, आणि एक व्हिडिओ."