चित्राआधीचे चित्र

सचित्र ग्रंथात शब्द आधी आणि चित्र नंतर, हा क्रम सहसा गृहीत धरला जातो. चित्र म्हणजे संहितेची सोबत. फार तर तिचे भाष्य. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डाफ्निस आणि क्लोई'साठी मार्क शागालने केलेली ४२ रंगीत शिलामुद्रिते पाहताना हा क्रमच संशयास्पद वाटू लागतो. आणि असा संशय घेण्याची मुभा लाँगसची संहिता स्वतःच देते.

इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील ही ग्रीक प्रेमकथा एका चित्रापासून सुरू होते. लेस्बोस बेटावर शिकारीला गेलेल्या निवेदकाला वनदेवतांच्या राईत एक चित्र दिसते. ते उलगडून सांगणारा माणूस तो शोधून काढतो आणि जणू चित्राशी स्पर्धा करीत चार खंड लिहितो. म्हणजे संहिता हेच मुळात वाचकाला न दिसणाऱ्या एका चित्राचे भाष्य. शागालकडे हे काम सोपवणारा प्रकाशक तेरियाद याच बेटावर जन्मला होता. चित्रापासून निघालेली कथा अशा रीतीने पुन्हा चित्रापाशी येते.

परंतु हे वर्तुळ इतक्या सहज पूर्ण होत नाही. टाकून दिलेली दोन मुले. एकाला शेळीने पाजलेले, दुसरीला मेंढीने. त्यांना प्रेम जडते, पण त्याचे नाव ठाऊक नसते. निवेदकाला आणि वाचकाला ते ठाऊक असते; म्हणून दोघेही त्या मुलांकडे पाहून किंचित हसतात. वृद्ध फिलेतास आपल्या बागेत आलेल्या पंखधारी बालकाची हकीकत सांगतो, तेव्हा मुलांना तो शब्द मिळतो. चित्राजवळ मात्र शब्द नाही. शागालच्या निळाईतील वजनहीन आकृती नामकरणापूर्वीच्या अवस्थेतच राहतात. त्यांना हसण्याइतके अंतर प्रेक्षकाला लाभत नाही.

याची किंमतही आहे. लाँगसच्या उपकथांत पॅनच्या वासनेपायी सिरिंक्सचा पावा होतो, एकोचे तुकडे होतात. संगीत उरते आणि स्त्री नाहीशी होते. क्लोईच्या वाटेवरची ही सावली संहिता विसरत नाही. रंगांची प्रसन्नता ती फिकट करते. निवेदकाचा उपरोध गमावताना चित्र त्याची सावधताही गमावते.

तरीही ही चित्रे भाबडी ठरत नाहीत. फिलेतासच्या बागेतले बालक स्वतःला काळाहूनही जुने म्हणवते. १९४४ मध्ये पत्नी बेलाला गमावलेला, सत्तरी गाठलेला चित्रकार ही किशोरप्रीती रंगवीत होता. रंगीत शिलामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा लागतो. एकच कागद पुन्हा पुन्हा दाबाखालून जातो. येथील काही चित्रांत रंगांची संख्या विसाहून अधिक आहे. जे सहज उमटल्यासारखे दिसते, ते थरावर थर चढून आलेले असते. शागालचे निरागसपणही असेच अनुभवानंतर कमावलेले आहे. लाँगसच्या निवेदकाने तरी ती प्रीती प्रत्यक्ष कोठे पाहिली होती? त्याने पाहिले होते ते एक चित्रच.