झोळीखालची गोधडी

पनवेलहून पूर्वेकडे पाहिले की प्रबळगडाचे रुंद पठार आणि त्याला खेटून उभा असलेला कलावंतीण दुर्गाचा सुळका नजरेत भरतो. शेडुंग फाट्यावरून ठाकूरवाडी गाठायची आणि तेथून तास-दीड तासाची चढण चढून प्रबळमाचीवर पोहोचायचे, हा मुंबई-पनवेलच्या अनेक कुटुंबांचा हिवाळ्यातला आवडता बेत. गेल्या डिसेंबरात आम्हीही तो आखला. अकरा वर्षांच्या लेकीचा एकच हट्ट होता : तंबूत नाही, झाडांना बांधलेल्या हॅमॉकमध्ये झोपायचे.

माचीवरच्या एका घरी जेवणाची सोय केली होती. घरच्या आजींना विचारून अंगणापलीकडच्या दोन झाडांना आम्ही झुला बांधला. खोडाला काच पडू नये म्हणून पट्टे रुंद घेतले होते. पिठले-भाकरी झाली, खाली दूरवर पनवेलचे दिवे लुकलुकू लागले. लेक स्लीपिंग बॅगमध्ये शिरली आणि झुल्यात पहुडली. कोकणातली थंडी ती काय, असे आम्हाला वाटत होते.

मध्यरात्रीनंतर तिच्या हाकेने जाग आली. दात वाजत होते, पाठ गार पडली होती. मी माझी शाल तिच्यावर घातली, मग स्वेटर, मग माझी स्लीपिंग बॅगही उलगडून पसरली. थरथर थांबेना. चेन लावायला गेली तर तिची बोटे नीट वळत नव्हती. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. आवाज ऐकून आजी कंदील घेऊन बाहेर आल्या. त्यांनी झुल्याला खालून हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, वरून किती घालाल? थंडी खालून लागते हिला. बाळाला झोळीत नुसतं टाकतं का कुणी?"

त्यांनी लेकीला उठवले. जुन्या लुगड्यांची जाड गोधडी चौपदरी घालून झुल्यात अंथरली. एक घोंगडी झुल्याच्या बाहेरून, खालच्या बाजूने, दोन्ही टोकांना सुतळीने सैलसर बांधली. लेकीचे दमट मोजे काढून कोरडे घातले, तिला गरम पाणी आणि गूळ दिला. अर्ध्या तासात थरथर थांबली आणि ती गाढ झोपली. मी मात्र उजाडेपर्यंत तिच्या पाठीखाली हात घालून ऊब तपासत राहिले.

आजींच्या त्या एका वाक्यात शरीरशास्त्र आणि पदार्थविज्ञान दोन्ही सामावले होते. पांघरूण स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराची असते. पांघरुणाच्या धाग्यांत किंवा कापसात अडकलेली स्थिर हवा ती ऊब धरून ठेवते. झुल्यात शरीराच्या भाराने खालचा थर दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि पाठीशी उरते ते केवळ पातळ कापड. त्याखालून वारा सतत वाहतो आणि उष्णता हिरावून नेतो. जमिनीवर निदान वारा तरी खालून येत नाही. म्हणूनच वर दहा पांघरुणे घातली, तरी खालची बाजू उघडीच राहते.

हॅमॉक हा शब्दच मुळी कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. तेथील उष्ण, दमट हवेत खालून वारा खेळणे हा गुण होता. पुढे युरोपीय खलाशांनी तो जहाजांवर नेला, तेव्हा त्यात पातळ गादी अंथरली जाऊ लागली. आपल्याकडच्या आयांना मात्र हे कोणी शिकवावे लागले नाही. तान्ह्याच्या झोळीत दुपटे आधी, बाळ मागाहून!

पनवेलसारख्या ठिकाणी गाफील राहण्याचे कारण म्हणजे येथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. परंतु दर १,००० मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, आणि रात्री डोंगरउतारावरून गार वारा खाली वाहतो. त्यात चढणीच्या घामाने भिजलेले कपडे आणि पहाटेचे दव यांची भर पडते. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणे धोक्याचे असते, आणि ओल व वारा एकत्र आल्यास त्यासाठी बर्फ लागत नाही. मुलांचे शरीर वजनाच्या मानाने अधिक पृष्ठभागाचे असल्याने ती लवकर गारठतात. वृद्धांना थंडीची जाणीव उशिरा होते. थरथर, बोटांचा अवघडलेपणा, अडखळते बोलणे, अवेळी येणारी गुंगी ही लक्षणे ओळखावीत. गुंगी वाढत असताना थरथर थांबली, तर ते बरे वाटण्याचे लक्षण समजू नये. तातडीने घरात न्यावे, कोरडे कपडे घालावेत आणि वैद्यकीय मदत मिळवावी.

तेव्हा झुल्यात झोपायचे असेल, तर आधी पाठीची सोय करावी. फोमची चटई भाराने फारशी दबत नाही, ती आत अंथरावी. खांद्यांखालीही ती पुरेल हे पाहावे. बाहेरून सैल टांगलेली रजई त्याहून उत्तम, कारण तिच्यावर भार पडत नाही. सुती गोधडी दवाने ओली झाली की ऊब गमावते. लोकरीची घोंगडी ओलसर असतानाही बऱ्यापैकी राखते. झोपण्यापूर्वी घामाचे कपडे बदलावेत, डोके आणि कान झाकावेत, तिळाचा लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की खावी. गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात गुंडाळून जवळ घ्यावी. बंद तंबूत शेगडी किंवा निखारे कदापि ठेवू नयेत. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू झोपेतच जीव घेऊ शकतो.

सकाळी निघताना मी गोधडी घडी करून आजींच्या हाती दिली. त्यांनी ती उन्हात वाळत घातली. लेक तिच्यावरचे टाके बोटाने मोजत उभी होती. यंदा तिने स्वतःच सामानाची यादी केली आहे. झुल्याच्याही आधी, पहिल्या ओळीत तिने लिहिले आहे : गोधडी.