रंगपटातील खनिजे

पेडणे महालातील जत्रांत दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवितो. समोर पेटी, हाती आरसा, डोळ्यांची कड रेखावयास बारीक काडी. बस्स!

आमची नात हल्ली पापण्यांवर खनिज रंगांचे प्रयोग करते. तिचे कुंचलेच आठ. चपटे, गोल, तिरकस. डबीवरील मजकूर मी चष्मा लावून वाचला: अभ्रक आणि आयर्न ऑक्साइड. चकाकी अभ्रकाची, तांबडा, पिवळा, काळा हे तिन्ही रंग लोहाच्याच संयुगांचे. ज्या लोहखनिजापायी डिचोलीचे डोंगर पोखरले गेले आणि २०१२ साली खाणी थांबताच ट्रकवाल्यांची घरे हवालदिल झाली, त्याच्याच गोत्रातले हे चिमूटभर द्रव्य.

जुन्या मराठी रंगपटात मात्र मुर्दाडशिंग आणि हिंगूळ असत. पहिल्यात शिसे, दुसऱ्यात पारा. ते तोंडाला फासून कलावंतांनी रात्रीच्या रात्री जागविल्या. त्यांच्या कलेचे गोडवे आपण पुष्कळ गाइले. त्यांच्या कातडीची, डोळ्यांची विचारपूस फारशी केली नाही.

नातीला सारे सांगितले. ती म्हणाली, “आजोबा, यंदा जत्रेला जाऊ तेव्हा त्यांची पेटी मला पाहायची आहे.”